पुस्तकाचे नाव माहीत नसलेल्या मुलीला आत येऊ द्या

प्रति,
मा. प्राचार्य आणि ग्रंथालय सल्लागार समितीचे सर्व सदस्य,
तसेच ज्या ज्या महाविद्यालयात पुस्तके जाळीच्या पलीकडे आणि विद्यार्थी अलीकडे आहेत, तिथल्या सर्व जबाबदार मंडळींना

विषय : संशोधन प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात कपाटांपर्यंत प्रवेश देणे आणि नियतकालिकांच्या बांधीव खंडांचे निर्लेखन (म्हणजे नोंदीतून कमी करून रद्दीत काढणे) थांबवणे

सप्रेम नमस्कार.

मी याच महाविद्यालयात शिकले आणि गेली नऊ वर्षे इथेच तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आहे. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण पत्र खुले आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. आपल्याला ते कळेलच. शिवाय उत्तरपत्रिका तपासायला, चर्चासत्रांना ज्या ज्या गावी गेले तिथे चहाच्या वेळी हेच ऐकले. म्हणून एका घरातला हा विषय चारचौघांत मांडते आहे.

गेल्या सत्रात एम. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी तिच्या शोधनिबंधाचा कच्चा मसुदा घेऊन आली. विषय तिचा तिने निवडलेला : रोजगार हमीच्या कामांवरच्या स्त्रिया. तिची आई आणि मावशी दोघींनी हमीच्या कामावर माती उचललेली, त्यामुळे विषय पोटातून आलेला होता. पाने चौदा, शेवटी बावीस संदर्भ. मी संदर्भ एकेक करून तपासायला बसले आणि चार लेखांचा पत्ताच लागेना. नियतकालिक खरे, लेखकाचे आडनाव ओळखीचे, वर्षही शोभेलसे, पण त्या अंकात तो लेखच नाही. मोबाइलवर एआयला विचारले होते, त्याने ते लेख रचून दिले होते.

मी रागावले. खूप बोलले तिला. मग विचारले, ग्रंथालयात गेली होतीस का? ती म्हणाली, "तीनदा गेले मॅडम. खिडकीवर मामा म्हणाले, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि लेखक लिहून दे, काढून देतो. मला नाव माहीत असतं तर मी शोधत कशाला आले असते?"

या वाक्यावर मला काही उत्तर देता आले नाही. आपल्यापाशी असेल तर मला ते ऐकायचे आहे.

मामांचा यात काही दोष नाही. आपले ग्रंथपाल निवृत्त झाले त्याला पाच वर्षे होत आली, पद भरले गेलेले नाही. दोन अटेंडंट मिळून देवघेव, दाखलनोंदी, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आणि परीक्षेच्या काळात गठ्ठे बांधणे असे सगळे सांभाळतात. त्यांना वरून सांगितले आहे की आत कुणाला सोडायचे नाही, म्हणून ते सोडत नाहीत. माझे म्हणणे त्या वरच्या सांगण्याबद्दल आहे.

परीक्षेचा अभ्यास आणि संशोधन यांत फरक हाच, की परीक्षेच्या मुलाला पुस्तकाचे नाव माहीत असते. अभ्यासक्रमाच्या मागे क्रमिक पुस्तकांची यादी असते, तो यादी दाखवतो, पुस्तक घेतो, जातो. त्याला खिडकी पुरते. संशोधन करणाऱ्याजवळ फक्त प्रश्न असतो, आणि तोही अर्धवट. आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे त्याला पाचदहा पुस्तके चाळल्यावर कळते. चाळायची कुठली ते आधी सांग, असे म्हटले की त्याची वाट तिथेच बंद होते.

तिचाच विषय घ्या. पुस्तके विषयवार आकडे देऊन लावायची जी ड्यूई दशांश वर्गीकरणाची पद्धत, तिच्यात मजुरी आणि बेकारी 331 मध्ये, शेतीचे अर्थकारण 338.1 मध्ये, दुष्काळ आणि अन्नपुरवठा 363.8 मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास 954.7 च्या आसपास, आणि दुष्काळावरच्या मराठी कथा-कादंबऱ्या 891.46 मध्ये. एकच विषय पाच कपाटांत विखुरलेला. संगणकावर "रोजगार हमी" असे टाइप केले तर ज्या पुस्तकाच्या नावात हे शब्द आहेत तेवढेच दिसते. आपल्याकडे तर दाखलनोंदवहीतली निम्मी पुस्तके अजून संगणकावर चढलेलीच नाहीत. ज्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात तिला हवे ते असेल, त्याचे नाव ती चिठ्ठीवर कुठून लिहिणार?

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती याच इमारतीत घडलेली आहे आणि मी आज जी काही आहे ती तिच्यामुळे आहे.

मी एम. ए. ला असताना तेव्हाच्या ग्रंथपाल सरांनी मला आत सोडले होते. नियम तेव्हाही आजचाच होता. त्यांनी माझे ओळखपत्र ठेवून घेतले, एका कोऱ्या वहीत माझी वेळ लिहिली आणि म्हणाले, "काढलेलं पुस्तक परत कपाटात लावू नकोस, टेबलावर ठेव. चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं." एवढीच अट. पुढचे आठ महिने रोज दुपारी दोन ते पाच मी त्या कपाटांमध्ये होते.

मला 1972 च्या दुष्काळावर लिहायचे होते. आमचे गाव माणदेशातले. आजी पाझर तलावाच्या कामावर होती. मिलोची तांबडी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, झाडाला बांधलेली झोळी, आठवडेच्या आठवडे न आलेली मजुरी हे सगळे मी तिच्या तोंडून ऐकलेले. पण आजीच्या आठवणीला शोधनिबंधात कोण विचारणार, असे मला वाटायचे. लिहून ठेवलेले काहीतरी हवे होते.

ते मिळाले वरच्या मजल्यावर, नियतकालिकांच्या खोलीत. खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली लोखंडी मांडणी, आणि मांडणीवर वर्षवार बांधलेले खंड : साधना, नवभारत, समाज प्रबोधन पत्रिका, अर्थसंवाद, लोकराज्य, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली. काळ्या रेक्झिनची पुठ्ठाबांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईने वर्ष. एका साप्ताहिकाचा 1973 चा खंड मी उघडला तो एका नेत्याच्या भाषणासाठी. भाषण काही सापडले नाही. पण पान उलटताना आमच्या गावापासून सहा कोसांवरच्या एका कामाचा वृत्तान्त दिसला. कुणी तरुण कार्यकर्ता तिथे जाऊन चार दिवस राहिला होता. हजेरीपटावर बायकोचे नाव नवऱ्याच्या नावाखाली कसे लागते, ब्रासवर मोजलेल्या खडीत बाईचा वाटा कसा बुडतो, मजुरीला किती दिवस लागतात, हे त्याने बघून लिहिले होते. खाली फोटो होता. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांची रांग, आणि कडेच्या झाडाला झोळी.

मी तो खंड तसाच उघडा ठेवून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. आजीने सांगितलेले अक्षरन् अक्षर तिथे छापलेले होते. माझा शोधनिबंध त्या पानापासून सुरू झाला. ते पान माझ्या कुठल्याच चिठ्ठीवर नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

तिथून पुढे एकातून एक निघत गेले. दुष्काळी कामांची रीत किती जुनी हे बघायला मी 954 च्या कपाटाशी गेले. तिथे सातारा जिल्ह्याचे 1885 चे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ होता, कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मालेतला. त्यात 1876-77 च्या दुष्काळाची हकिकत वाचली. त्याला लागूनच त्या दुष्काळावरचे एक अगदी पातळ पुस्तक होते. पाठीवर नावसुद्धा राहिले नव्हते, नुसता वर्गांक. त्यात कळले की 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली तेव्हा हजारो मजुरांनी काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. त्या क्षणी माझा प्रश्न बदलला. दुष्काळात काय हाल झाले, एवढेच मी विचारत होते. आता विचारू लागले, की काम हा हक्क आहे असे आपल्याकडच्या माणसांना कधीपासून वाटायला लागले? मग रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे, त्यांचे तासगाव तालुक्यातले विसापूर, 1972 ची योजना, 1977 चा कायदा, 26 जानेवारी 1979 पासून त्याची अंमलबजावणी, आणि पुढे 2005 चा केंद्राचा कायदा अशी एक सलग वाट दिसू लागली. मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचून "हा प्रश्न कुठे मिळाला?" असे विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले : गॅझेटियरच्या शेजारी.

त्या पातळ पुस्तकाच्या मागच्या तारीख-चिठ्ठीवर शेवटचा शिक्का मी नेण्याच्या सतरा वर्षे आधीचा होता. सतरा वर्षे ते कुणी नेलेले नव्हते. निर्लेखनाची यादी करताना आपण हीच कसोटी लावतो ना, दहा-पंधरा वर्षांत मागणी नाही? ती तेव्हा लावली असती तर मी गेले तेव्हा ते पुस्तक तिथे नसते.

यादीचा विषय निघालाच आहे तर तोही बोलते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी वरची खोली रिकामी करून तिथे वातानुकूलित अभ्यासिका करायची, आणि त्यासाठी चारशेच्या वर बांधीव खंड निर्लेखित करायचे, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. सूचना फलकावर लागलेली यादी मी उभ्याने वाचली. जे खंड मी वापरले ते सगळे त्यात आहेत. कारणाच्या रकान्यात लिहिले आहे, "जीर्ण व अनुपयोगी".

अभ्यासिकेला माझा मुळीच विरोध नाही. खेड्यातल्या मुलांना घरी बसायला जागा नसते, दिवे जातात, हे मी स्वतः भोगले आहे. त्यांना पंखा, उजेड आणि टेबल मिळालेच पाहिजे. पण त्या मुलांसाठी जिमखान्याची रिकामी पडलेली बाजू आहे, जुनी प्रयोगशाळा आहे. खंडांना मात्र दुसरी जागा नाही. ते एकदा रद्दीच्या भावाने गेले की गेले.

आणि हे सगळे ऑनलाइन मिळते असे कृपा करून म्हणू नका. जे मिळते त्याची मला किंमत आहे. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, ही आमच्या वेळी स्वप्नात नसलेली सोय आहे आणि मी प्रत्येक वर्गाला ती दाखवते. एन-लिस्टमधून महाविद्यालयांना हजारो इंग्रजी नियतकालिके मिळतात. आपले महाविद्यालय त्याचे सभासद आहे, तरी विद्यार्थ्यांना युजर आयडी आणि पासवर्ड दिले गेलेले नाहीत. देशभरातल्या संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरणाऱ्या "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके. चांगलीच गोष्ट आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी सुरू झाली आहे, आणि त्या नियतकालिकांत 1973 सालचे मराठी साप्ताहिक असणार नाही. मराठीतले पन्नास वर्षांपूर्वीचे लिखाण काही ठिकाणी स्कॅन झाले आहे, पुष्कळसे झालेले नाही. जे झालेले नाही ते कागदावरच आहे, आणि तो कागद अशाच कुठल्या तरी तालुक्याच्या महाविद्यालयात वरच्या मजल्यावर आहे.

त्या विद्यार्थिनीचे चार संदर्भ खोटे आहेत हे मला कसे कळले, तेही सांगते. मी वर जाऊन त्या वर्षांचे खंड काढले, अनुक्रमणिका बघितली, पाने उलटली. लेख नव्हते. मी शिक्षक असल्यामुळे मला आत जाता आले. यंत्राने रचलेला लेख आणि माणसाने लिहिलेला लेख यांतला फरक ठरवणारा पुरावा त्या खोलीत आहे, आणि येत्या वर्षांत त्याची गरज वाढत जाणार आहे. अशा वेळी ती खोली मोकळी करायला आपण निघालो आहोत.

नव्या शैक्षणिक धोरणाने एम. ए. च्या तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प सक्तीचा केला. पहिल्या सत्रात आम्ही संशोधन पद्धती शिकवतो. प्राथमिक साधने, दुय्यम साधने, संदर्भ कसे द्यावेत, सगळे फळ्यावर. आणि त्याच मुलाला साधनांपाशी जाऊ देत नाही. पोहायला शिकवायचे आणि विहिरीवर जाऊ द्यायचे नाही, असे आपण करतो आहोत.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांची तसबीर आपल्या देवघेवीच्या खिडकीच्या वर आहे. दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण तिला हार घालतो. गणित शिकवणारा हा माणूस 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि 1931 मध्ये त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ते तसबिरीखाली रंगवलेले आहेत : ग्रंथ उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यातला तिसरा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात बाजू पुस्तकाची घेतलेली आहे. कपाटात मुकाट उभ्या असलेल्या पुस्तकाला वाचक मिळावा म्हणून काय करायचे, तर वाचकाला कपाटापाशी येऊ द्यायचे. रंगनाथनांनी त्यासाठी मुक्तद्वार पद्धतीचाच आग्रह धरला होता.

चोरीची भीती मला समजते. पुस्तक हरवले की भरपाई कुणी करायची, निवृत्तीच्या वेळी येणे-बाकी नसल्याचा दाखला अडकला तर काय, हे ओझे ग्रंथपालांच्या आणि अटेंडंटच्या मानेवर असते. कितीतरी ग्रंथपालांनी आयुष्यभर कपाटे बंद ठेवली ती पुस्तकांवर प्रेम नव्हते म्हणून नव्हे, या भीतीपोटी. पण केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही वर्षभरात दिलेल्या वा वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी धरले आहे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. दुर्मिळ आणि महाग ग्रंथांची चौकशी करायला सांगितली आहे, आणि ते योग्यच आहे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्याला ते थेट लागू नसतील. पण वापर होतो तिथे थोडी घट होणारच, हे सरकारच्या हिशेबनिसांनीसुद्धा मान्य केले आहे. संस्थेने तसा ठराव करून कर्मचाऱ्यांना लेखी दिले, तर खिडकीवरचा माणूस मोकळ्या मनाने दार उघडेल. हे काम समितीच करू शकते. मामा करू शकत नाहीत.

माझे मागणे फार मोठे नाही, आणि बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही. संशोधन प्रकल्प असलेल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाच्या सहीचे एक पत्र घेऊन, ओळखपत्र जमा करून, पिशवी बाहेर ठेवून, रोज दुपारी तीन तास कपाटांमध्ये फिरू द्यावे. काढलेले पुस्तक टेबलावरच ठेवायचे, हा आमच्या सरांचा नियम दारावर लिहावा. एन-लिस्टचे पासवर्ड प्रवेशाच्या आठवड्यातच द्यावेत. खंडांची यादी स्थगित ठेवावी, आणि ज्या ज्या विभागाशी त्यांचा संबंध आहे त्या विभागाच्या शिक्षकाने प्रत्येक खंड हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्यावर सही होऊ नये. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या आणि पुढच्या भागात 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा हाताशी ना संगणक होता ना झेरॉक्स. आपल्याला तर चारशे खंडांच्या अनुक्रमणिकांचे मोबाइलवर फोटो काढायचे आहेत. मी आणि माझे सात विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत हे काम विनामोबदला करू. जागा आणि किल्ली द्या. यादी तयार झाली की तालुक्यातल्या बाकीच्या महाविद्यालयांनाही ती पाठवू. त्यांच्याकडे काय आहे तेही कळेल. एकाकडे नसलेला खंड दुसऱ्याकडे असेल.

आणि खरोखरच जागेची अडचण असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाला विचारावे. आपल्याकडच्या कित्येक नगरवाचनालयांनी शंभर-दीडशे वर्षे कागद सांभाळला आहे. त्यांना अशा खंडांची किंमत कळते.

ग्रंथपालाचे पद भरणे एकट्या महाविद्यालयाच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी संस्थेने शासनाकडे जो पाठपुरावा करायचा त्यात आम्हा शिक्षकांच्या सह्या लागल्या तर आम्ही देऊ. तासिका तत्त्वावरचेसुद्धा देऊ.

त्या विद्यार्थिनीने खोटे चारही संदर्भ स्वतःहून काढून टाकले आहेत. मसुदा आता अकरा पानांचा झाला आहे. तिला 1979 नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत हमीच्या कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येने का होत्या हे शोधायचे आहे, आणि त्यावर कुणी काय लिहिले आहे ते तिला माहीत नाही. मलाही सगळे माहीत नाही. येत्या सोमवारी अकरा वाजता ती माझ्या सहीचे पत्र घेऊन खिडकीवर येईल. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहिलेले नसेल. वरच्या मजल्याची किल्ली मामांकडे आहे, त्यांना आपण आधी सांगून ठेवावे, ही विनंती.

आपली नम्र,
याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी
आणि तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवणारी एक प्राध्यापिका